बागकाकूंच्या तीन ओळी

बागकाकू वारल्या त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. त्यांचा सल्ला मात्र दर रविवारी पुरवणीत छापून येत होता. गेल्यापासून त्यांनी एकदाही मजकूर उशिरा दिला नव्हता. हयात असताना या बाबतीत त्यांची ख्याती फारशी चांगली नव्हती.

पुरवणी बघणाऱ्या साहेबांनी निधनाची बातमी दाबली, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी ती पुढच्या आठवड्यावर ढकलली होती, आणि तो पुढचा आठवडा अजून यायचा होता. "वाचकांना बाईंचा लळा आहे," साहेब म्हणाले होते. "एकदम तोडणं बरं दिसत नाही. जुनी कात्रणं आहेत, त्यांची ती वही आहे. रेटा काही दिवस." रेटायचं काम मुद्रितशोधकाकडे आलं. पंधरा वर्षं काकूंचे ऱ्हस्व-दीर्घ तोच सुधारत होता, त्यामुळे त्यांची वाक्यं त्याला चुकांसकट पाठ होती. शिवाय त्याने आयुष्यात कुणाला कशाला नाही म्हटलं नव्हतं.

सदर चाळीस ओळींचं. बाजूला काकूंचा हसरा फोटो, तो त्यांच्या पस्तिशीतला. फोटो हलवता येत नव्हता, जाहिरात हलवता येत नव्हती, म्हणून मजकूर हलायचा. शुक्रवारी दुपारी पान लावणारा खुर्चीतूनच ओरडायचा, "काकू तीन ओळी कमी!" की मुद्रितशोधक उभ्या उभ्या तीन ओळी सांगायचा. कुंडीला खाली भोक असावे. झाडांना सकाळचे ऊन मानवते. पाणी घालताना घाई करू नये. असल्या वाक्यांनी आजवर कुणाचं वाईट झालेलं नव्हतं. भलं झाल्याचीही नोंद नव्हती.

मुद्रितशोधक बावन्न वर्षांचा. संसार मोडल्यावर चार दिवस म्हणून थोरल्या बहिणीकडे राहायला आला, त्या चार दिवसांना अकरा वर्षं झाली. ताई चौसष्टची. इस्पितळाच्या शिवणखात्यात तेहेतीस वर्षं चादरींच्या कडा शिवून निवृत्त झालेली. तिने लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची टाप नव्हती. तिला जगातलं एकही माणूस पूर्ण पटलेलं नव्हतं. अपवाद बागकाकूंचा.

रविवारी सकाळी ती चष्मा पुसून पुरवणी उघडायची आणि सदर मोठ्याने वाचायची. भाऊ समोर बसून, स्वतःच बुधवारी लिहिलेलं ऐकायचा.

"बघ. याला म्हणतात बोलणं," ताई म्हणायची. "चार शब्द, पण वजनदार. नाहीतर तू."

"मी काय केलं?"

"तेच म्हणतेय. काय केलंस?"

दोन वर्षांत तिला खरं सांगायची संधी त्याला निदान शंभर वेळा आली, म्हणजे दर रविवारी एक. त्याने सांगितलं नाही, त्याचं कारण पत्रं. ताई बागकाकूंना पत्रं लिहायची. ती पत्रं कचेरीत यायची आणि बागकाकूंचं सगळं टपाल मुद्रितशोधकाच्या टेबलावर पडायचं. त्या पत्रांतली ताई त्याला घरात कधी भेटली नव्हती. "काकू, हल्ली गुडघा वाकत नाही, कुणाला सांगत नाही." "काकू, संध्याकाळी उगाच भरून येतं, हे वयामुळे का?" वयाने ती काकूंच्या फोटोपेक्षा जवळजवळ तीस वर्षांनी मोठी होती, पण काकू म्हटलं की माणूस लहान होऊ शकतो. मग पुढच्या रविवारी सदरात यायचं, "एका भगिनींनी गुडघ्याबद्दल लिहिले आहे. त्यांनी वाकून खुरपू नये. बुटके स्टूल घ्यावे." ताईने सोमवारी स्टूल आणलं. हेच स्टूल घे म्हणून भाऊ पाच वर्षं सांगत होता आणि पाच वर्षं "तुझ्या कमरेला बांध" असं ऐकत होता.

मागच्या अंगणात ताईचे टोमॅटो होते.

ताई सगळ्यांना नावं ठेवायची. नाव ठेवलं असं तिने एकाच गोष्टीला, त्या टोमॅटोला. हेकट. एकोणीस वर्षांपूर्वी बाजारच्या रोपांत एक वेडंवाकडं, खांदे वर आलेलं फळ निघालं. बाकीची फळं पावसात तडकली, हे तडकलं नाही. ताईने त्याचं बी धरलं. पुढच्या वर्षी त्यातलं सगळ्यात हट्टी झाड निवडलं, त्याचं बी धरलं. असं एकोणीस वेळा. बी कागदावर पसरून सुकवायचं, पुडी बांधायची, वर साल घालायचं आणि शिवणाच्या डब्यात दोऱ्यांच्या रिळांखाली ठेवायची. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिने फळं पुष्कळ वाटली. लोकांनी ती चिरली आणि खाल्ली. बी जपत कोण बसतो? फळ दिसायला कुरूप, चवीला आंबट, साल जाड. पण असलं फळ दुसऱ्या कुठल्या अंगणात नव्हतं. चादरींच्या कडा तिने तेहेतीस वर्षं शिवल्या, त्यांवर कुठे तिचं नाव नव्हतं. हेकट तेवढा तिचा होता.

हिवाळा संपता संपता एका शुक्रवारी पान लावणारा ओरडला, "काकू तीन ओळी कमी!"

मुद्रितशोधकाचा डबा उघडा होता, तोंडात घास होता. त्याने घास गिळला आणि सांगितलं, "घाल. जुने बी साठवून ठेवू नये. जुन्या बियांची उगवण कमी होते. जवळ असेल ते सारे बी यंदाच पेरावे."

"साडेतीन झाल्या."

"'जवळ' काढ."

"बसलं."

रविवारी ताईने ते वाचलं. एकदा मोठ्याने, एकदा मनात. मग उठून शिवणाचा डबा आणला आणि रिळं बाजूला करून पुड्या टेबलावर मांडल्या. पाच होत्या. त्याआधीच्या सालांच्या कधीच संपल्या होत्या.

"ताई, एखादी राहू दे," भाऊ म्हणाला.

"का?"

"असावी हाताशी. काही झालं तर."

"काकूंनी काय लिहिलंय? सारे. सारे म्हणजे सारे."

"हो, पण त्या एक आपलं सर्वसाधारण..."

"धाकट्या," ताई चष्म्यावरून बघत म्हणाली, "गाजर जमिनीखाली येतं हे तुला कळलं तेव्हा तू चाळीस वर्षांचा होतास. तू या विषयात तोंड घालू नको."

त्याने घातलं नाही. जीभ उचलून टाळ्याला लावली असती तर पाचातली एक पुडी वाचली असती, हे त्याला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं. पण त्या सकाळी ऊन चांगलं होतं, चहा चांगला होता, ताई रागावलेली नव्हती, आणि अशा सकाळी त्याच्या वाट्याला मोजक्याच येत. पाच पुड्यांची मिळून चौदा रोपं जगली. जुन्या बियांची उगवण खरंच कमी होती. बागकाकूंचं सहसा चुकत नसे.

रोपं कमरेएवढी झाली, फुलली, बोराएवढी फळं धरली. मग थंड, ओलसर हवा पडली ती नऊ दिवस हलली नाही. दहाव्या दिवशी बागकाकूंना पत्र आलं.

"काकूंना नमस्कार. माझ्या टमाट्यांच्या दोन झाडांवर खालच्या पानांना तपकीरी डाग पडले आहेत. पान उलटे केले तर खालून पांढरी बूरशी दिसते. फळे अजून कच्ची आहेत, बी धरण्यासारखी नाहीत. दुसरे बी माझ्याजवळ नाही, तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळे पेरले. घरगूती उपाय सांगावा, रासायनीक नको."

त्याने सवयीने पेन्सिलीने चार चुकांना गोल केले. मग "तुमच्या सांगण्याप्रमाणे" वर पेन्सिल थांबली.

कात्रणांत शोधलं. "पानांवर बुरशी" या मथळ्याखाली पहिलं सापडलं ते दुधाचं. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, सकाळच्या उन्हात फवारावं. त्याने ते दिलं. कात्रणातली बुरशी भुरीची होती, पानावर वरून पांढरी पिठी धरते ती, आणि ताईची बुरशी वेगळी होती. पण कात्रणात बुरशी एवढंच लिहिलेलं होतं. फरक कळायला माणूस बागेत गेलेला असावा लागतो.

ताईने आठ दिवस दूध फवारलं. घरात चहा कोरा झाला. अंगणाला आंबूस वास आला, शेजारचं मांजर मुक्कामाला आलं, आणि डाग पाच झाडांवर गेले.

दुसरं पत्र आलं. त्याने खायचा सोडा दिला: लिटरभर पाण्याला छोटा चमचा, साबणाचे दोन थेंब, पान दोन्ही बाजूंनी भिजेपर्यंत. ताई स्टुलावर बसून एकेक पान तळहातावर घेऊन पुसत होती, इस्पितळात तापातल्या माणसाला पुसतात तशी. डाग आठ झाडांवर गेले. कडेची पानं सोड्याने वाळली ती वेगळीच.

"ताई," एका संध्याकाळी तो दारात उभा राहून म्हणाला, "ती आठ उपटून टाकली तर? बाकीची तरी..."

"घरात माणूस आजारी पडला की तू आधी खांदेकरी शोधशील." ताईने मान वर केली नाही. "काकू सांगतायत ना उपाय? हळूहळू गुण येतो."

"नाही आला तर?"

"तुला यायला हवाय का नकोय?"

तिसऱ्या आठवड्यात लसूण. लसूण ठेचून रात्रभर पाण्यात ठेवायचा, गाळायचा, हळद घालायची. ताईच्या बोटांचा वास जाईना. अंगणात पाऊल टाकलं की डोळ्यांना पाणी यायचं. ते लसणाने येत होतं, असं दोघंही धरून चालली होती. तिसरं पत्र आलं ते दोन पानी होतं.

"काकू, तेरा झाडांना लागले. चौदावे पागोळीच्या आत भिंतीला आहे, त्याला अजून नाही. उपटा असे कृपा करून सांगू नका, तसे सांगणारा घरात आहे. माझा धाकटा भाऊ माझ्याकडेच असतो. मनाने वाईट नाही, पण त्याच्या बोलण्याला बुड नसते. माझ्यामागे त्याचे कसे होईल याची काळजी वाटते, पण त्याला सांगितले तर तो शेफारेल. तुम्ही सांगाल ते मी करीन. तुम्ही कधी उगाच बोलत नाही."

त्या दिवशी मुद्रितशोधकाने डबा उघडला नाही. कपाट उघडून बागकाकूंची वही काढली, जी दोन वर्षांत त्याने फक्त चाळली होती. कात्रणांपेक्षा वहीतलं अक्षर वाचायला कठीण, म्हणून कात्रणं सोयीची पडत. "क" वर करपा होता. लवकर येणारा करपा, पाऊण पान. खाली उशिराचा करपा, चार ओळी:

"पानाखाली पांढरी बुरशी, थंड दमट हवा. उपाय नाही. दूध, सोडा, लसूण, राख, कशाने होत नाही. पहिला डाग दिसताच उपटा, जाळा, वाऱ्याने शेजारी जातो. (हे छापत नाहीत.)"

कंसातलं वाक्य त्याने तीनदा वाचलं. पहिला डाग दिसला तेव्हा दोन झाडं उपटली असती तर बारा उरली असती. कदाचित. हा "कदाचित" काकूंच्या वहीत नव्हता, तो त्याने स्वतः घातला.

तो वही घेऊन साहेबांकडे गेला.

"जाळा?" साहेब म्हणाले. "रविवारी सकाळी? लोक चहा पीत असतात हो."

"पण काकूंनीच लिहिलंय."

"आणि काकूंनीच लिहिलंय की छापत नाहीत. बाईंना समज होती. राख सांगा. राख अजून सांगितली नाही ना आपण?"

"नाही."

"मग? एक उपाय शिल्लक असताना तुम्ही निराश कसे होता?"

मुद्रितशोधकाने राखेवर चाळीस ओळी लिहिल्या. साहेबांनी त्यावर सही केली. शुक्रवारी दुपारी प्रूफ त्याच्याकडे आलं. वर्तमानपत्रात प्रूफ वाचणाऱ्याचा डोळा शेवटचा असतो. त्याच्यानंतर कुणी काही वाचत नाही, वाचक सोडून. तीस वर्षांच्या नोकरीत त्याने पहिल्यांदाच, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेला मजकूर उभा काट मारून खोडला आणि वहीतला लिहिला. हा रोग बरा होत नाही. घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. मागील अंकांतील उपाय या रोगासाठी नव्हते, याबद्दल दिलगीर आहोत. रोगट झाडे मुळासकट उपटून जाळावीत. अक्षर सुवाच्य आलं.

"काकू आज पेटल्यात," पान लावणारा मजकूर टाकत म्हणाला. मग खुर्ची मागे रेटून ओरडला, "एक ओळ कमी!"

आणि मुद्रितशोधकाच्या तोंडून, कुंडीला भोक असावे इतक्या सहज, निघून गेलं, "निरोगी दिसले तरी एकही रोप ठेवू नये."

"बसलं," पान लावणारा म्हणाला.

रविवारी ताईने चष्मा पुसला, पुरवणी उघडली आणि वाचायला लागली. तिसऱ्या ओळीनंतर तिचा आवाज बंद झाला, ओठ तेवढे हलत राहिले. भाऊ समोर बसून होता. कुठल्या ओळीवर ती आहे हे त्याला ओठांवरून कळत होतं.

तिने पुरवणीची घडी घातली. "काकूंचीसुद्धा चूक होते म्हणजे," ती म्हणाली. "पण कबूल केली. मोठी माणसं करतात."

मग तिने जुने हातमोजे घातले आणि ती अंगणात गेली. एका टोकापासून सुरू केलं. स्टूल घेतलं नाही. झाड बुंध्याशी धरायचं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग सरळ वर. मुळं सुटताना चादर फाडल्यासारखा आवाज येत होता. पत्र्याच्या पिंपात तळाशी रद्दी आणि वाळक्या काटक्या घालून त्यावर झाडं रचली. ओली झाडं धड पेटत नव्हती, नुसती धुमसत होती, आणि फळं उष्णतेने फुटून आत फसफसत होती. एकोणीस वर्षं जी तडकली नाहीत ती. धूर लसणाचा येत होता.

भाऊ काटक्या आणून देत होता. तेरा झाली, तेव्हा त्याला वाटलं, झालं. ताई भिंतीकडे वळली.

"ताई, हे राहू दे."

"सर बाजूला."

"अगं, हे चांगलंय. खालची पानंसुद्धा कोरी आहेत, उलटून बघ ना. एक झाड पुरे आपल्याला. बी धरता येईल."

"निरोगी दिसले तरी एकही रोप ठेवू नये." तिने ते घडाघडा म्हटलं. "वाचलं नाहीस?"

"ते तसं नाहीये."

"मग कसं आहे?"

"एक ओळ कमी पडत होती."

"कुठे?"

"सदरात. म्हणून ते वाक्य घातलं. मी घातलं, ताई. त्याला काही अर्थ नाही."

ताईचे हात बुंध्यावर होते. तो बोलायला लागला आणि आता थांबणं त्याच्या हातात नव्हतं. बागकाकू वारल्या. दोन वर्षं झाली. मीच लिहितो.

"जिभेला काही हाड?" ताई म्हणाली. "धडधाकट बाईला मारतोस? परवा उत्तर दिलंय त्यांनी मला."

"मी दिलंय."

"तू!" ती हसली. मनापासून हसली, धुराने खोकली, पुन्हा हसली. "तू बागकाकू! धाकट्या, या एका झाडासाठी तू आता स्वतःला बाईसुद्धा म्हणवून घेशील." आणि हसता हसताच तिने झाड डावीकडे केलं, उजवीकडे केलं आणि उपटलं.

त्याने ते मधल्या मध्ये धरलं. खालून माती गळत होती.

"तिसऱ्या पत्रात," तो म्हणाला, "दुसऱ्या पानावर, वरून चौथी ओळ. माझा धाकटा भाऊ माझ्याकडेच असतो. मनाने वाईट नाही, पण त्याच्या बोलण्याला बुड नसते. 'बुड' तू ऱ्हस्व लिहिलंस. दीर्घ हवा. आणि बुरशी तू तिन्ही पत्रांत दीर्घ लिहिलीस, ती ऱ्हस्व."

पिंपात एक फळ फुटलं.

ताईच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच राहिलं आणि त्याच्या मागून ती निघून गेली, अशी काहीशी ती दिसत होती.

"पाकिटं तू फोडायचास," ती म्हणाली.

"हो."

"गुडघ्याचं... संध्याकाळचं... सगळं?"

"हो."

पुढचा प्रश्न कोणता येणार हे त्याला ठाऊक होतं, आणि तो येईपर्यंतचा वेळ त्याने हातातल्या झाडाकडे बघण्यात घालवला.

"आणि बी?"

"तीन ओळी," तो म्हणाला.

"तीन ओळी काय?"

"कमी पडत होत्या."

ताईने झाडावरचा हात काढला. एक एक करून हातमोजे काढले, एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि स्टुलावर ठेवले. मग ती आत गेली. आतून नळाचा आवाज आला, तो पुष्कळ वेळ येत राहिला.

भावाने झाड परत त्याच खड्ड्यात लावलं. माती दाबली, काठीला बांधलं, पाणी घातलं. घाई केली नाही. झाड दुपारी माना टाकून होतं, दुसऱ्या दिवशी सावरलं, तिसऱ्या दिवशी वरचा शेंडा सरळ उभा राहिला. तो कचेरीत जाण्याआधी आणि आल्यावर पानं उलटून बघायचा. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघत असावी, कारण तो उठला की तिथला पडदा हलायचा. घरात बोलणं बंद होतं. जेवण दोन ताटांत वेळेवर होत होतं.

सहाव्या दिवशी खालच्या पानावर डाग होता. तपकिरी, टिकलीएवढा. त्याने पान उलटलं. खालून पांढरं होतं.

रोग आधीच आत शिरलेला होता; दिसायला त्याला तेवढे दिवस लागतात. हेही वहीत होतं, पुढच्या पानावर. म्हणजे चाळीस ओळींतलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं, जे त्याने विचार न करता घातलं होतं. तो खाली बसून ते पान बोटांत धरून होता, तेव्हा खिडकी उघडली.

"काकूंनी सांगितलं होतं," ताई म्हणाली. "एकही ठेवू नये म्हणून."

खिडकी लागली. त्याने ते झाड स्वतः उपटलं आणि स्वतः जाळलं. एकच झाड होतं, पण पेटायला तेरांइतकाच वेळ लागला.

सोमवारी कचेरीत साहेब बोलले. रागावले नाहीत, त्यांना वाईट वाटलं होतं. सतरा वाचकांची पत्रं आली होती: बागकाकूंना काय झालंय, त्या अशा कधी नव्हत्या, घरी काही दुःख आहे का. "काही आठवडे गुलाबावर काढू," साहेब म्हणाले. "गुलाबाला रोग नसतात असं समजून चला." सत्तरीतल्या एका वाचकाने लिहिलं होतं की त्यांनी लगेच सगळी झाडं जाळली, आणि बरं झालं, शेजाऱ्याची वाचली. ते पत्र मुद्रितशोधकाने बाजूला काढून ठेवलं.

त्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली एक पाकीट होतं. त्यावर बागकाकूंचं नाव नव्हतं. "मुद्रितशोधक यांस" असं लिहिलं होतं, आणि अक्षर तो झोपेतही ओळखेल असं होतं. आत वहीचा एकच कागद, मधोमध घडी घातलेला, कडेला कड तंतोतंत जुळवून.

"महोदय,

माझ्या मागील पत्रात एक चूक राहिली होती ती दुरुस्त करून पाठवीत आहे. त्याच्या बोलण्याला बूड नसते. 'बू' दीर्घ केला आहे.

काळजी वाटते हे वाक्य गाळावे. बाकी मजकूर तसाच ठेवावा."

त्याने पेन्सिल घेतली आणि सवयीने पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तपासलं. चूक एकही नव्हती.